घाटावरची सनई आणि एक बोलपट

काशीस अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवरून होळकरांच्या त्या भक्कम वाड्याकडे पाहताना मराठी माणसाचा ऊर भरून येतो. परंतु पुण्यश्लोक बाईंनी 1780 च्या सुमारास ज्या विश्वनाथाचे देऊळ पुन्हा उभारले, त्याच्या दारी सनईची चाकरी एका मुसलमान घराण्याकडे होती, हे त्याच्या ध्यानी क्वचितच येते. देवळासमोरचा नौबतखाना 1785 साली वॉरन हेस्टिंग्जच्या हुकमावरून अली इब्राहीम खान यांनी बांधविला. पुढे याच देवळाच्या सेवेत असलेल्या अली बख्श ‘विलायतू’ या मामांच्या हाताखाली डुमरावहून आलेला बिस्मिल्ला नावाचा मुलगा तयार झाला, आणि बालाजीच्या देवळातील त्याचा रियाज पुढे गंगाकाठच्या आख्यायिकेचाच भाग झाला.

सनईस चाव्या नाहीत, पडदे नाहीत. नरकटाची इवलीशी पत्ती ओठांत धरून, फुंकीचा दाब पालटीत आणि बोटांनी छिद्रे अर्धीमुर्धी झाकीत मींड काढावयाची, हा तिचा सारा कारभार. लग्नमंडपाच्या दारात बसविलेले हे मंगलवाद्य मैफलीत आणून बसविण्याचे श्रेय निःसंशय बिस्मिल्ला खाँसाहेबांचे. 1937 च्या कलकत्त्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेने त्यांस मान दिला आणि 1947 च्या ऑगस्टात लाल किल्ल्यावर त्यांची सनई वाजली. तेव्हा 1959 साली विजय भट्टांचा ‘गूंज उठी शहनाई’ आला, त्या वेळी त्रेचाळिशीतल्या या कलावंतास चित्रपटाने नाव मिळवून दिले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आदल्याच वर्षी सत्यजित राय यांच्या ‘जलसाघर’मध्येही ते होते.

मग ‘गूंज उठी शहनाई’च्या ध्वनिमुद्रिकांचे महत्त्व कशात? सावंतवाडी संस्थानातील सोनवडे गावी जन्मलेल्या आणि ‘प्रभात’ चित्रसंस्थेच्या शिस्तीत वाढलेल्या संगीतकार वसंत देसाई यांनी येथे सनईला वरातीची सजावट म्हणून वापरले नाही, तर कथानायकाचा कंठच करून टाकले: राजेंद्रकुमार पडद्यावर अभिनय करतो, बोलते मात्र बिस्मिल्लांची सनई. रागमालेत तिच्यासमोर उस्ताद अमीर खाँचा गंभीर स्वर, जुगलबंदीत अब्दुल हलीम जाफर खाँची सतार. तासभर विस्तारावयाचे राग मिनिटा-मिनिटांत आटोपावे लागले याबद्दल शुद्धतावादी कुरकुरले, तर त्यांना दोष देता येत नाही. पण ज्याने जन्मात मैफलीचे तिकीट काढले नसते, अशा श्रोत्यापर्यंत रागदारी पोहोचविण्याचा याहून प्रामाणिक प्रयत्न त्या काळच्या बोलपटांत मला फारसा आढळत नाही. गीतकार भरत व्यासांच्या शब्दांना मिळालेली अमाप लोकप्रियता ही मात्र दुधारी ठरली: कित्येक घरांत सनई म्हणजे विरहाचे वाद्य, अशी समजूत तिने पक्की केली.

खाँसाहेब मुंबईत रमले नाहीत. 1977 च्या कन्नड ‘सनादी अप्पण्णा’साठी त्यांनी पुन्हा वाजविले खरे, परंतु 2001 साली भारतरत्न मिळाल्यावरही बिऱ्हाड काशीतच राहिले. देसाईंचे 1975 साली लिफ्टच्या अपघातात निधन झाले आणि ही जोडी पुन्हा जमण्याची आशाही संपली. आज ‘गूंज उठी शहनाई’ ऐकावयास घ्यावा, तर गाणी नंतर ऐकावीत आणि आरंभ त्या रागमालेपासून करावा. देसाईंची खरी पैज तिथेच लागली होती.