नवा पीसी आपोआप रीस्टार्ट होतोय? आधी ‘कधी’ ते बघा

ऐकता ऐकता सेटिंगची नावं टिपून घेणं अवघड जातं, म्हणून या भागाचं लिखित रूप थोडं आवरून इथे देतोय.

विषय आहे नव्या पीसीचा. लॅमिंग्टन रोडवरून किंवा तपकीर गल्लीतून एकेक पार्ट निवडून आणला, दोन-तीन ऑनलाइन मागवले, घरी बसून सगळं जुळवलं, विंडोज टाकलं. आणि मग गेम खेळताना, नाहीतर नुसता ब्राउझर उघडा असताना स्क्रीन अचानक काळी होते आणि पीसी परत पहिल्यापासून सुरू होतो. कुठला मेसेज नाही, काही नाही.

यात खरी गोची पैशांची आहे. प्रत्येक पार्टची बदलून मिळण्याची मुदत वेगळी, आणि ती रोज कमी होत असते. दुकानदार म्हणतो, ‘विंडोज परत टाकून बघा.’ ऑनलाइन विक्रेता म्हणतो, ‘आमचा पार्ट ठीक आहे, मदरबोर्ड तपासा.’ वैतागून आपण अंदाजाने नवा एसएमपीएस आणतो, आणि पीसी तरीही रीस्टार्ट होतोच! म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायचीय: पार्ट बदलण्याआधी पुरावा गोळा करा.

खरंच बिघाड आहे का?

दोन गोष्टी आधी बाजूला काढू. डीडीआर५ रॅम असलेला नवा पीसी पहिल्यांदा चालू करताना मदरबोर्ड रॅमचं ‘ट्रेनिंग’ करतो. तेव्हा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, पीसी एक-दोनदा स्वतःहून बंद-चालू होऊ शकतो. बायोसमध्ये रॅमची सेटिंग बदलल्यावरही तसंच होतं. हा बिघाड नाही. तेव्हा घाईघाईत बटण दाबू नका, थांबा.

दुसरं म्हणजे विंडोज अपडेट. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये रीस्टार्टच्या वेळेची १०७४ क्रमांकाची नोंद असेल, तर कुठल्यातरी प्रोग्रॅमने रीतसर रीस्टार्ट मागितला होता, असा त्याचा अर्थ. त्या प्रोग्रॅमचं नावही तिथेच असतं.

विंडोजला बोलतं करा

एरर स्क्रीन आली तरी विंडोज लगेच रीस्टार्ट होतं, त्यामुळे ती वाचायलाच मिळत नाही. स्टार्टमध्ये ‘व्ह्यू ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज’ शोधा, ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या सेटिंग्ज उघडा आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची टिक काढा. आता एरर स्क्रीन आली तर ती तशीच थांबेल. मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा.

टिक काढूनही कुठला मेसेज न दिसता थेट रीस्टार्ट होत असेल, तर विंडोजला बोलायची संधीच मिळालेली नाही. मग संशय जातो वीज, प्रोसेसर, नाहीतर रीसेटच्या वायरवर.

यानंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्यात ‘सिस्टीम’ उघडा. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ ही लाल नोंद हमखास दिसेल. ‘पॉवर’ हा शब्द दिसला की लोक एसएमपीएस बदलायला धावतात. पण ही नोंद एवढंच सांगते, की मागच्या वेळी पीसी नीट बंद झाला नव्हता. तिच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘बगचेक कोड’ शून्य असेल, तर विंडोजला काही टिपताच आलं नाही. शून्य नसेल, तर एरर स्क्रीनची चूक नोंदलेली आहे, त्या कोडवरून पुढे शोधता येतं.

‘व्हिया-लॉगर’ची १८ क्रमांकाची नोंद सापडली, तर ती जपून ठेवा. हार्डवेअरनेच गंभीर चूक कळवल्याची ती नोंद असते. त्यात दरवेळी प्रोसेसरच्या एकाच कोरचा आयडी येत असेल, तर संशय प्रोसेसरवर किंवा त्याच्या व्होल्टेजच्या सेटिंगवर जातो.

आता मुख्य प्रश्न: कधी होतो?

*गेम किंवा रेंडर सुरू झाल्यावर लगेच.* इथे वीजपुरवठा आधी बघायचा. ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी सरासरीपेक्षा बरीच जास्त वीज ओढू शकतं. १२ व्होल्टच्या लाइनवर साधारण ११.४ ते १२.६ एवढीच सूट असते. व्होल्टेज त्याखाली घसरलं, की एसएमपीएसकडून मदरबोर्डला जाणारा ‘वीज ठीक आहे’ हा सिग्नल तुटतो आणि बोर्ड रीसेट होतो. मात्र पीसी पूर्ण बंद पडत असेल आणि मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय उठत नसेल, तर बहुतेक वेळा एसएमपीएसचं संरक्षण लागलेलं असतं. हा फरक लक्षात ठेवा, तो दुकानात सांगता येतो.

खर्च करण्याआधी केबल बघा. ८ पिनचं एक कनेक्टर १५० वॉटसाठी असतं. कार्डाला अशी दोन कनेक्टर लागत असतील, तर एकाच केबलची दोन टोकं लावण्यापेक्षा दोन वेगळ्या केबल लावा. प्रोसेसरचं ८ पिनचं कनेक्टरही पूर्ण आत बसलंय ना, ते बघा. आणि जुन्या एसएमपीएसची मॉड्युलर केबल नव्याला चुकूनही लावू नका. प्लग सारखा दिसतो, पण आतल्या पिनांची मांडणी वेगळी असू शकते. पार्ट जळू शकतात.

*दहा-पंधरा मिनिटांनी, तापल्यावर.* प्रोसेसर तापला की आधी वेग कमी करतो आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर पीसी बंद करतो. त्यामुळे फक्त उष्णतेमुळे थेट रीस्टार्ट होणं तसं कमी. तरी तापमान बघाच. रायझन ७००० मालिकेत भर कामात ९५ अंश हे ठरवून दिलेलं आहे, त्याने घाबरू नका. पण नुसतं डेस्कटॉपवर असतानाच पारा ८०-९० वर असेल, तर कूलर काढा. खालची प्लॅस्टिकची फिल्म काढायची राहून गेलेली असू शकते.

*कधीही, कुठलाच ताळमेळ नसताना.* एरर स्क्रीनवर दरवेळी वेगळाच कोड, मध्येच ब्राउझर बंद, झिप फाइल उघडताना एरर? मग रॅम. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करा आणि एक-दोन दिवस पीसी वापरा. प्रश्न थांबला, तर रॅम, बोर्ड आणि प्रोसेसर यांचं त्या वेगावर जमत नाही. नाही थांबला, तर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. यात एकसुद्धा एरर ‘चालतं’ म्हणून सोडायची नाही. आली तर एकेक पट्टी वेगळी तपासा. दोन पट्ट्या असतील, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो.

*नुसता पडून असताना.* भर कामात ठणठणीत, पण मोकळा असला की रीस्टार्ट. काही रायझन पीसींत असं दिसतं. बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ असेल, तर ते ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवून बघा.

*दिवे लुकलुकल्यावर किंवा लाइट गेल्यावर.* इथे दोष पीसीबाहेर असू शकतो. लाइट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या जोरावर १५-२० मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरला बदल करायला त्याहून जास्त वेळ लागला, की पीसी रीस्टार्ट. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’ असेल तर तो लावा. यूपीएसवरचे ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हेत. अशा यूपीएसवर बहुधा ३६० वॉटच्या आसपासचाच आकडा असतो. त्यावर गेमिंग पीसी चालवला, तर लाइट जाताच तो मान टाकणारच. एकदा यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड काढून, अर्थिंग असलेल्या भिंतीच्या सॉकेटवर पीसी चालवून बघा.

*कॅबिनेटला धक्का लागल्यावर.* कॅबिनेटच्या रीसेट बटणाची छोटी वायर मदरबोर्डवरून काढून टाका. प्रश्न संपला, तर बटण अडकत होतं. नाही संपला, तर बोर्डाखाली एखादा जास्तीचा स्टँडऑफ राहिलाय का ते बघा. तो मागून टेकला की शॉर्ट होतो.

बायोस विसरू नका

नव्या बोर्डावरचा बायोसही दुकानात महिनोन् महिने पडून जुना झालेला असतो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती. त्यावर ऑगस्ट २०२४पासून बायोसमार्फत दुरुस्ती आली, आणि संबंधित प्रोसेसरांची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे यातला प्रोसेसर असेल, तर बायोस अपडेट सगळ्यात आधी. अपडेट चालू असताना लाइट जाणार नाही, एवढी वेळ मात्र बघून घ्या.

वहीत काय लिहायचं?

एका वेळी एकच बदल करा. तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं, काय बदललं आणि पुढे काय झालं, हे लिहून ठेवा. दोन बदल एकत्र केले, तर पीसी बरा होईल, पण दोष कशात होता ते कळणार नाही, आणि वॉरंटीत नेमकं काय द्यायचं तेही.

दुकानात जाताना बिल, एरर स्क्रीनचा फोटो, मेमटेस्टचा फोटो आणि ही वही घेऊन जा. ‘पीसी रीस्टार्ट होतोय’ असं म्हणालात, तर उत्तर मिळेल ‘विंडोज परत टाका.’ ‘ही पट्टी एकटी लावली तरी एरर देते, दुसरी देत नाही’ असं म्हणालात, तर बोलणं थेट पट्टी बदलण्यावर येतं.

तुमचा पीसी नेमका कधी रीस्टार्ट होतो ते खाली कळवा, सोबत सगळे पार्टही लिहा. भेटू पुढच्या भागात!