नुसती मान, कांदा नाही

जुन्नर तालुक्यातल्या राजुरी-बेल्ह्याच्या पट्ट्यात मार्च उजाडला, की बांधावरची चौकशी एकच: माना पडल्या का? इतके दिवस ताठ उभी असलेली उन्हाळी कांद्याची पात एकेका रोपाच्या गळ्याशी मोडते आणि वाफ्यात आडवी होते. माना पडायला लागल्या की पाणी तोडायचे, निम्म्या पडल्या की काढणीला माणसे बघायची. हे इतके अंगवळणी पडले आहे, की मान का पडते हे कुणी कुणाला विचारत नाही. मला तो प्रश्न पडला तो एका भलत्याच भाजीमुळे. लीक नावाची ही भाजी गावच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा आली, की बघणारा प्रत्येक जण हटकून विचारतो, "याला कांदा कुठंय?"

कांदा नसतोच. खाली मुळ्यांचा झुपका, त्यावर वीतभर लांब, अंगठ्याहून चांगला जाड असा पांढराशुभ्र दांडा, आणि वर दोन बाजूंना फाकलेली रुंद, चपटी, निळसर हिरवी पाने. एखाद्या राक्षसी पातीसारखे हे प्रकरण आहे, फक्त जिथे कांदा धरायला हवा तिथे काहीच धरलेले नाही. कांद्याच्या गावात हे फारच विजोड वाटते. पण कांदा म्हणजे काय, हे लीक हातात धरून जितके कळते तितके कांदा हातात धरून कळत नाही.

कांद्याचे खरे खोड म्हणजे मुळ्यांच्या वर असलेली एक पातळशी चकती. भाजी चिरताना आपण पहिल्यांदा उडवतो तीच. त्या चकतीवरून एकात एक पाने निघतात. प्रत्येक पानाचे दोन भाग. वर हिरवी पोकळ नळी, आणि खाली पांढरी गुंडाळी, जिच्या आतून पुढचे पान वर येते. नवे पान नेहमी आधीच्याच्या पोटातून निघते, त्यामुळे सर्वांत कोवळे ते मधोमध आणि सर्वांत जुने ते बाहेर. या गुंडाळ्यांचा थर म्हणजे मान. ते खोड नव्हे, एकमेकींना धरून उभी असलेली नुसती पाने आहेत.

मग दिवस मोठा होऊ लागतो आणि ऊन तापते. पात ते मोजत असते, आणि ठरावीक लांबीचा दिवस आला की रोपाचा कारभार बदलतो. हिरव्या नळ्या काढणे बंद. यापुढे चकतीवरून निघते ती नुसती गुंडाळी, जाड, रसाळ, वर नळी नसलेली. ती तळाशीच फुगते. आपण खातो तो कांदा म्हणजे बव्हंशी याच गुंडाळ्या. आता मानेतून वर जायला नवे पान उरत नाही. मान आतून रिकामी होते, पातीचा भार तिला पेलत नाही, आणि ती पडते. माना पडणे म्हणजे कांदा आतून पुरा झाल्याची पावती.

समजा, तो बदलाचा निरोप कधी आलाच नाही. पानामागून पान येत राहिले, मान भरत राहिली, जाड होत राहिली. तीच लीक. लीक नुसती मान आहे, कधी न पडणारी.

युरोपातल्या उत्तरेकडच्या देशांत जो कांदा होतो, त्याला फुगायला चौदा ते सोळा तासांचा दिवस लागतो. राजुरीत वर्षातला सर्वांत मोठा दिवसही जेमतेम सव्वातेरा तासांचा. त्या कांद्याचे बी आपल्याकडे टाकले तर रोप येते, पात माजते, मान जाड होते, आणि कांदा मात्र धरत नाही. बियाण्याच्या पाकिटावर काहीही छापलेले असो, रानात उभे राहते ते लीकच्या वळणाचे काहीतरी. आपले फुरसुंगी किंवा भीमा शक्ती हे वाण अकरा-बारा तासांच्या दिवसावरच कामाला लागतात, म्हणून इथे कांदा पिकतो.

आणि आपल्याकडे जाड मान हा दोष. काढणीनंतर कांदा पातीसकट शेतातच सुकवतात, मग दोन-तीन बोटे मान ठेवून पात कापतात. ती मान वाळून पक्की मिटली की बुरशीला आत जायला वाट राहत नाही, आणि असा कांदा बराखीत चार-पाच महिने निवांत राहतो. मान जाड राहिली, ओली राहिली, की सड तिथूनच सुरू. निवड करताना बायका असे कांदे बिनबोभाट बाजूला टाकतात. जो अवगुण म्हणून आपण फेकतो, तोच पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला लोकांनी शतकानुशतके निवडून, वाढवून, आख्खे पीक करून ठेवला. मला हे फार गमतीचे वाटते.

त्यांनाही कारण होते. थंड देशांत लीक साठवावीच लागत नाही. ती हिवाळाभर शेतातच उभी असते, लागेल तशी उपटायची. आपली बराखी वर, त्यांची जमिनीत. वेल्स या चिमुकल्या देशाला तर तिचे इतके कौतुक, की लीक हे त्यांचे राष्ट्रचिन्ह. १९८५ साली ब्रिटनच्या एक पौंडाच्या नाण्यावर तिचे चित्र आले, आणि १ मार्चला, संत डेव्हिडच्या दिवशी, लोक ती कोटावर लावून मिरवतात. शेक्सपिअरच्या 'हेन्री पाचवा' नाटकात लीकची टिंगल करणाऱ्या एका बढाईखोराला वेल्श कप्तान दमात घेऊन ती कच्ची खायला लावतो. रोमचा बादशहा नीरो आवाज सुधारावा म्हणून महिन्यातले ठरावीक दिवस तेलाबरोबर नुसती लीक खात असे, असे रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवले आहे. आपल्या गवयांनी ज्येष्ठमध चघळला, तो अधिक शहाणपणाचा म्हणायचा. त्याहीपलीकडे, पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या बाबिलोनी मातीच्या विटांवर ज्या पाककृती कोरलेल्या सापडल्या, त्यांत लीक आणि लसूण ही जोडी पुन्हापुन्हा येते.

ही जोडी उगाच जमलेली नाही. लीकचे पान नीट बघा. कांद्याची पात नळीसारखी पोकळ असते. लीकचे पान चपटे, मधोमध घडी पडलेले. असे पान कुणाचे? लसणाचे. वनस्पतिशास्त्रही तेच सांगते. कांदा, लसूण, लीक हे सगळे 'अॅलियम' कुळातले, पण त्या कुळाच्या ज्या शाखेत लसूण आहे त्याच शाखेत लीक आहे, कांदा दुसऱ्या शाखेतला. बाजारात कधीकधी लिंबाएवढ्या पाकळ्यांचा 'हत्ती लसूण' दिसतो, तो तर खरा लसूण नसून लीकचाच सख्खा भाऊ. दिसायला कांद्याची मान आणि नात्याने लसणाची, अशी ही भाजी. चातुर्मासात कांदेनवमीनंतर लीक चालेल का, असे कुणी विचारले तर उत्तर सोपे आहे: मुळीच नाही, दोन्हींकडून अडकते.

ही सगळी भावकी अभ्यासायची तर आपल्याला लांब जावे लागत नाही. १९९४ मध्ये नाशिकला सुरू झालेले कांदा आणि लसणाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९८ मध्ये राजगुरुनगरला आले. नारायणगाव-मंचरवरून पुण्याला जाताना ते वाटेतच लागते. 'भीमा' नावाने निघालेले वाण तिथलेच. कांदा-लसणाच्या रानटी सोयऱ्यांची रोपेही तिथे जपून ठेवतात, कारण कधी एखाद्या रोगाशी लढायचा गुण हवा असला तर तो या दूरच्या नातलगांकडे सापडू शकतो.

आता चिरायला घेऊ. इथे पहिली भानगड मातीची. लीकचा दांडा पांढरा आहे तो जन्मजात नव्हे. रोप वाढेल तसतशी त्याला मातीची भर देत जातात, ऊन लागू देत नाहीत, म्हणून तिथे हिरवा रंग धरत नाही आणि दांडा कोवळा राहतो. पण पानामागून पान आतून वर सरकत असते. जिथे दोन पाने फाकतात त्या बेचक्यात माती, वाळू पडते, आणि पुढच्या पावसात किंवा पाण्याच्या पाळीत ती खोल आत उतरते. बाहेरून लख्ख धुतलेली लीक आतून मातीची असू शकते, ती अशी.

म्हणून अख्खी धुण्यात अर्थ नाही. मुळ्या कापा, पण चकती राहू द्या. तिने सगळी पाने धरून ठेवलेली असतात. चकतीच्या बोटभर वरून सुरी घुसवा आणि शेंड्यापर्यंत उभी चीर द्या, मग दांडा पाव वळसा फिरवून दुसरी. आता हातात चार फाळी होतात, पण सुटत नाहीत. शेंडा खाली करून नळाखाली धरा आणि बोटांनी एकेक पान उलगडा. पांढरा आणि हिरवा रंग जिथे मिळतात, नेमक्या त्या रेषेवर काळपट माती बारीक ओळीने बसलेली दिसते. उलटी धरायची ती एवढ्यासाठी, की माती जशी आली तशीच बाहेर जावी. तरी शंका असेल तर चिरल्यावर पातेलेभर पाण्यात बुडवून ठेवा. चकत्या वर तरंगतात, माती तळाशी बसते. मात्र पातेले उपडे करू नका, चकत्या हाताने वरच्या वर काढून घ्या.

चिरताना डोळ्यांना पाणी फारसे येत नाही. कांद्याच्या पेशीत गंधकयुक्त द्रव्य एका कप्प्यात आणि त्याला फोडणारे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. सुरी फिरली की कप्पे फुटतात, दोन्ही भेटतात, आणि वाफ डोळ्यांपर्यंत पोचते. हे काम एकटे एक विकर करत नाही, ती वाफ तयार करणारे आणखी एक वेगळे विकर असते, हे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले. पुढे २०१३ मध्ये त्यांना त्यासाठी 'इग नोबेल' मिळाले, आधी हसायला आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार. लीकमध्येही यंत्रणा हीच, फक्त माल बेताचा. उष्णतेने विकर मरते, म्हणून अख्खी शिजवलेली लीक अगदी सौम्य लागते, तर चिरून थोडा वेळ ठेवलेली जरा तिखट.

शिजवताना आपली कांद्याची सवय अंगाशी येते. मोठ्या आचेवर तेल तापवून कांदा लालबुंद परतणे हे आपल्या हातात बसलेले. लीक अशी परतली की कडा करपून कडू होतात आणि पान चिवट होते, कारण तिचे धागे उभे, लांब आणि दणकट असतात. धागा तोडायला आडव्या पातळ चकत्या हव्यात. मग तूप किंवा लोणी, चिमूटभर मीठ, झाकण, आणि अगदी मंद आच. दहा-पंधरा मिनिटांत चकत्यांची कडी सुटी होतात, पांढऱ्याची पारदर्शक होतात, आणि गोडसर वास सुटतो. या कुळातली झाडे साखर पिष्टाच्या रूपात न साठवता फ्रुक्टान नावाच्या साखळ्यांत साठवतात. मंद शिजण्यात त्या थोड्याथोड्या तुटतात, गोडी येते. उरलेल्या आपल्याला पचत नाहीत, आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात, म्हणून पहिल्या दिवशी ताट भरून घेऊ नये हे बरे.

पहिल्यांदा करायची तर माझ्या मते पीठ पेरून भाजी. पातीची करतो तशीच, पण लीक आधी पुरती मऊ होऊ द्यायची आणि मगच बेसन भुरभुरायचे. जिरे, हळद, हिरवी मिरची पुरे. लसूण घालू नये, हिंग तर नकोच. दोघेही आले की लीक गेली म्हणून समजा. वर बाजरीची भाकरी. मासवडीच्या सारणात कांद्याऐवजी लीक घालून बघण्याचा मोह होईल, तो आवरावा. तीळ-खोबऱ्याला जो झणका हवा तो हिच्यात नाही, आणि पाणी सुटून वडी फुटते.

दुसरी गोष्ट बटाट्याची. फ्रान्समध्ये लीक आणि बटाट्याचे सूप घरोघरी होते. लुई दियात हा तिथला आचारी १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात असताना त्याला आईचे सूप आठवले. ते गरम असले की लहानपणी तो आणि त्याचा भाऊ त्यात गार दूध ओतत, असे तो सांगे. त्याने ते मुद्दामच थंड करून वाढले आणि 'विशिस्वाज' हे भारदस्त नाव देऊन ते जगभर गाजवले. आपल्याला त्यासाठी आंबेगावच्या सातगाव पठाराबाहेर जायचे कारण नाही, बटाटा तिथे पिकतो, आणि दूध राजुरीला कधी कमी पडले? दोन लीक लोण्यात मऊ करा, दोन बटाटे घाला, बुडेल इतके पाणी, शिजले की घोटा, दूध घाला, मिरपूड टाका. गार करायचा हट्ट नको, जुन्नरच्या डिसेंबरात ते गरमच छान लागते.

हिरवा शेंडा टाकू नका. तो चिवट असतो, पण आमटीसाठी पाणी उकळताना त्यात बांधून सोडला तर चव उतरते, मग काढून टाकावा. विकत घेताना मात्र दांडा दाबून बघा. मधोमध काडीसारखे कडक लागले तर तो डेंगळा, झाड फुलोऱ्यावर आलेले. कांद्याचा डेंगळा काढून टाकता येतो, लीकचा तिच्या पोटात असतो आणि शिजता शिजत नाही.

आणि अर्धी लीक उरली तर चकतीसह फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पाहा. सपाट कापलेल्या टोकातून मधली पाने बाहेर सरकलेली असतात, जुन्या रेडिओची एरियल ओढावी तशी एकातून एक, सर्वांत आतले सर्वांत पुढे. उपटून, धुवून, कापूनही चकती आपले काम करतच असते, आणि बाहेरची जुनी पाने वाढायची थांबली तरी आतली थांबत नाहीत. तेवढे वाढलेले कोवळे टोक बारीक चिरून वरणावर कच्चेच घालावे. अख्ख्या लीकमध्ये तेच सर्वांत गोड असते.