हिटलरला मते कोणी दिली?

उपाशी माणूस हुकूमशहाच्या मागे धावतो, असे आपल्या व्यासपीठांवरून सर्रास सांगितले जाते. जर्मनीचा दाखला मात्र वेगळा आहे.

१९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला अवघी २.६ टक्के मते होती. जुलै १९३२ मध्ये ती ३७ टक्क्यांवर गेली. मधल्या काळात मंदी आली, बेकारांची संख्या सुमारे ६० लाख झाली. पण खुद्द बेकार कामगार मोठ्या संख्येने कम्युनिस्टांकडे गेला. हिटलरकडे अधिक ओढला गेला तो छोटा दुकानदार, कारागीर, स्वतःची जमीन असलेला प्रॉटेस्टंट शेतकरी. १९२३ च्या चलनवाढीत अनेकांची आयुष्यभराची पुंजी मातीमोल झाली होती. गाठीला थोडेच उरले, पण आपण मजुरापेक्षा वरचे, हा तोरा कायम होता. तोही जाईल या भीतीला हिटलरने ज्यू हा शत्रू दाखवून दिला. बाबासाहेबांनी केलेली श्रेणीबद्ध विषमतेची फोड ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे मन ओळखीचे वाटेल. वरच्याचा जाच चालतो, खालच्याची बरोबरी चालत नाही.

इथवर ठीक. पण मग विरोधातला संघटित कामगार १९३३ मध्ये इतक्या लवकर गप्प कसा झाला? अटका आणि छळछावण्या हे कारण होतेच. मानसशास्त्रज्ञ एरिक फ्रॉम यांना आणखी एक सापडले. फ्रँकफर्टच्या समाजसंशोधन संस्थेतर्फे १९२९ मध्ये त्यांनी कामगार व नोकरदारांना प्रश्नावली वाटली. पक्ष कोणता, हे विचारलेच. शिवाय मुलांना मारल्यावाचून वाढवता येते का, लग्न झालेल्या बाईने नोकरी करावी का, असे घरगुती प्रश्नही घातले. आम्ही वकील याला उलटतपासणी म्हणतो. सरळ प्रश्नाला साक्षीदार पढवलेले उत्तर देतो, आडप्रश्नात सापडतो. बहुतेक जण डाव्या पक्षांचे होते, पण घरच्या प्रश्नांवर अनेकांच्या आतला मालक बोलू लागला. आतबाहेर समतेवर ठाम असे थोडेच निघाले.

गेल्या पावसाळ्यात विहारातल्या अभ्यासवर्गात आम्ही तोच प्रश्न ठेवला. मुलांना मारल्यावाचून वाढवता येते असे ज्यांना वाटते, त्यांनी हात वर करावा. फॅसिझमवर तासभर तावातावाने बोललेल्या मंडळींपैकी निम्म्यांचे हात खालीच राहिले. आमचा वर गेला, पण जरा उशिराने. आणि तो उशीर मागे बसलेल्या आमच्या मुलीने पाहिला.