चोवीस तासांची बाटली

कसबा बावड्यातल्या राजाराम साखर कारखान्याजवळून हंगामात गेलात, तर मळीचा वास येतोच. कारखान्याच्या प्रयोगशाळेत नुसती साखरच नव्हे, तर बगॅस आणि मळीही तपासतात. त्यांतून साखर किती वाया गेली, यावरून आतले काम कसे चालले आहे ते कळते. आपल्या शरीराचेही तसेच आहे.

प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी एक अधिवृक्क ग्रंथी असते. ती आणि जननग्रंथी कोलेस्टेरॉलपासून स्टेरॉइड संप्रेरके बनवतात. कॉर्टिसॉल आणि टेस्टोस्टेरॉन ही त्यांतलीच. काम झाले की यकृत त्यांचे रूप पालटते व त्यांना ग्लुकुरॉनिक आम्ल किंवा सल्फेट जोडते. मुळात पाण्यात जेमतेम विरघळणारी ही द्रव्ये मग सहज विरघळून लघवीवाटे बाहेर पडतात. १९३१ साली बुटेनांट या जर्मन शास्त्रज्ञाने पोलिसांची हजारो लिटर लघवी आटवून असे एक द्रव्य, अँड्रोस्टेरॉन, मिळवले. ते भरले अवघे १५ मिलिग्रॅमच्या आसपास!

मग रक्तच का तपासू नये? कॉर्टिसॉल सकाळी भरपूर, तर मध्यरात्री अगदी कमी असते. रक्ताचा नमुना त्या क्षणापुरतेच सांगतो. चोवीस तासांची लघवी साऱ्या दिवसाचा हिशेब देते. सकाळी सातला सुरुवात करायची असेल, तर त्या वेळची लघवी टाकून द्यायची, कारण ती आदल्या रात्रीची असते. त्यानंतरची प्रत्येक वेळची, दुसऱ्या दिवशी सकाळी सातची धरून, बाटलीत साठवायची. एखादी वेळ चुकली, तर हिशेबच चुकतो.

प्रयोगशाळेत आम्ल किंवा विकर घालून जोडलेला भाग तोडतात आणि स्टेरॉइडे द्रावकात उतरवून घेतात. १९३५ सालच्या झिमरमान पद्धतीत मेटाडायनायट्रोबेंझीन व अल्कली मिसळले की जांभळा रंग येतो. रंग जितका गडद, तितकी १७-कीटोस्टेरॉइडे जास्त. समजा, १०० मिलिलिटरमध्ये ०.८ मिलिग्रॅम सापडले आणि एकूण लघवी १,५०० मिलिलिटर भरली. म्हणजे दिवसाचे १२ मिलिग्रॅम झाले. आज वायू वर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापक ही उपकरणे प्रत्येक द्रव्य वेगळे मोजतात.

पण १२ हा आकडा कमी की जास्त? हे ठरवायला निरोगी माणसेच हवीत. साधारणपणे किमान १२० निरोगी प्रौढ तपासून मधल्या ९५ टक्क्यांची मर्यादा घेतात. म्हणजे १२० पैकी ६ जण निरोगी असूनही मर्यादेबाहेर पडतात! स्त्री-पुरुषांचे आणि वेगवेगळ्या वयांचे आकडे वेगळे असतात. स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारा या गटात चालत नाही, कारण त्याच्या ग्रंथीचे काम मंदावलेले असते.

कोल्हापूरच्या तालमींतल्या मल्लांशीही याचा संबंध आहे. उत्तेजक-चाचणीत टेस्टोस्टेरॉन व एपिटेस्टोस्टेरॉन यांचे प्रमाण पाहतात. ते ४ पेक्षा जास्त आले, तर पुढील तपासणी होते. पण काही निरोगी माणसांत ते जन्मतःच जास्त, तर काहींत फार कमी असते. निरोगी माणसांत किती फरक असतो हे ठाऊक नसेल, तर निर्दोष मल्लावर संशय येईल आणि दोषी सुटेल.

म्हणून घरात कोणाला अशी बाटली मिळाली, तर आठवण करून द्या: पहिली टाकायची, शेवटची ठेवायची!