एकाच पेटीतली दोन पोलादं

केकच्या खोक्यात बेकरीवाला प्लॅस्टिकची एक सुरी टाकून देतो. घरातल्या घरात, अर्ध्या किलोच्या केकला ती पुरते. पण लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, चर्चमधलं लग्न, कंपनीचा वर्धापन दिन, कुणाची निवृत्ती अशा वेळी तिच्यानं काम भागत नाही. केक आधी दबतो, मग फाटतो, आणि पहिला तुकडा बशीत पोचेपर्यंत त्याच्यावरचं निम्मं क्रीम खोक्यालाच लागलेलं असतं. मग कुणीतरी सुरी आणि सर्व्हरची जोडी आणायला निघतं. सर्व्हर म्हणजे केकचा तुकडा उचलायचं त्रिकोणी पात्याचं उलथणं. दुकानात ही जोडी मखमली पेटीत मांडलेली असते. दोघांच्या मुठी सारख्या, दोघांवर झळाळी सारखी. बहुतेक वेळा निवड होते ती पेटीकडे बघून.

या दोन वस्तूंची कामं मात्र अगदी वेगळी आहेत. सुरीला बारीक धार धरून ठेवायची असते, त्यासाठी ती कठीण हवी. उलथण्याला काहीच कापायचं नसतं. त्याला वजन पेलायचं असतं, क्रीम, फळं, लिंबाचा आंबटपणा सोसायचा असतो आणि तरी डाग पडू द्यायचा नसतो. हे दोन्ही गुण एकाच पोलादात सहसा भरपूर मिळत नाहीत. म्हणून जोडी दिसायला जुळी असली तरी आत पोलाद दोन प्रकारचं असावं. हे सांगायला नाशिकच्या अंबडइतकी चांगली जागा दुसरी नाही. इथल्या एमआयडीसीत पत्रा दाबणारे, डाय बनवणारे, पोलादाला पाणी देणारे हजारो हात रोज हेच काम करतात. ज्याच्या घरी असा एखादा माणूस आहे, त्यानं जोडी घ्यायला जाताना त्याला सोबत न्यावं.

ही दोन पोलादं जवळपास एकाच वेळी जन्माला आली. जर्मनीतल्या एसेन गावी क्रुप कंपनीच्या एडुआर्ड माउरर आणि बेन्नो श्ट्राउस यांनी १९१२ मध्ये क्रोमियम आणि निकेल घातलेलं पोलाद तयार केलं. १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळीसाठी झिजेला टिकणारं पोलाद शोधत होता. त्याच्या हाती सुमारे १३ टक्के क्रोमियमचं, निकेल नसलेलं पोलाद लागलं. ते गंजत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. शेफील्ड हे सुऱ्या-कात्र्यांचं गाव, तेव्हा याच्या सुऱ्या कराव्यात असं त्याला वाटलं. पण पहिल्या सुऱ्या करणाऱ्या कारागिरांना हे पोलाद कसं तापवायचं आणि त्याला पाणी कसं द्यायचं हे उमगलं नव्हतं. सुऱ्यांना धारच येईना. ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा संशोधक’ म्हणून ब्रिअर्लीची थट्टा झाली. पुढे अर्नेस्ट स्टुअर्ट नावाच्या जाणत्या कारागिराला योग्य तापमान सापडलं, आणि तिथून जेवणाच्या टेबलावरची न गंजणारी सुरी आली. १९२४ मध्ये, ब्रिअर्लीनंतर त्याच प्रयोगशाळेची धुरा घेतलेल्या विल्यम हॅटफील्डनं १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं पोलाद ठरवलं. डब्याच्या तळाशी आपण ‘१८/८’ वाचतो ते हेच, आणि भांड्यांच्या दुकानात ज्याला ‘३०४’ म्हणतात तेही हेच.

म्हणजे तुमच्या पेटीत सुरी ब्रिअर्लीच्या वंशातली हवी आणि उलथणं १८/८ च्या. सुरीच्या पोलादाला ४२० किंवा त्याच्या आसपासचे क्रमांक असतात. त्यात कार्बन जास्त असतो, म्हणून तापवून झटकन थंड केलं की ते कठीण होतं. ३०४ ला कितीही तापवा आणि थंड करा, असं पाणी चढत नाही. त्याची सुरी केली तर चार केकांत बोथट होते. उलट ४२० चं उलथणं केलं तर ते बिघडत नाही, पण ओलं राहिलं की ३०४ च्या आधी डागाळतं.

दुकानात लोक खिशातून लोहचुंबक काढतात. ही परीक्षा अर्धीच खरी आहे, आणि ती उलटी वाचली जाते म्हणून नीट सांगतो. सुरीच्या पात्याला चुंबक चिकटलं पाहिजे. चिकटलं नाही, तर ते पातं पाणी न चढणाऱ्या पोलादाचं आहे, ती सुरी परत ठेवा. उलथण्याला चुंबक चिकटलं नाही तर मात्र लगेच खूश होऊ नका. निकेल महाग, म्हणून ते कमी करून त्याजागी मँगनीज घातलेलं २०० मालिकेचं पोलाद बाजारात भरपूर आहे, भांडेवाले त्याला ‘२०२’ म्हणतात. त्यालाही चुंबक चिकटत नाही. वरून ते ३०४ सारखंच चमकतं, पण मिठाच्या, आमसुलाच्या किंवा लिंबाच्या संगतीत लवकर ठिपके धरतं. आणि अस्सल ३०४ च्या वाकवलेल्या कोपऱ्यावर चुंबक किंचित ओढलं जातं, कारण दाबताना तिथली रचना बदलते. तेवढ्यावरून दुकानदाराला खोटं ठरवू नका. ३०४ आणि २०२ यांत फरक करायचा तर मँगनीज ओळखणाऱ्या द्रावणाचा थेंब टाकतात किंवा मटेरियल टेस्टिंगच्या यंत्रासमोर तुकडा धरतात. कारखान्यांच्या गावात हे जमण्यासारखं आहे. शंभर जोड्या भेट म्हणून घेणाऱ्या कंपनीनं पुरवठादाराकडून टेस्ट सर्टिफिकेट मागावं. पत्र्याच्या प्रत्येक लॉटला ते मागतातच, मग भेटवस्तूला का नको?

आता धारेचं. बऱ्याच शोभेच्या पेट्यांमध्ये सुरीचं पातं उलथण्याच्याच पत्र्यातून कापलेलं असतं आणि त्याला धार लावलेलीच नसते, फक्त कड गुळगुळीत केलेली असते. ओळखायची रीत सोपी आहे. पात्याची कड वर करून दिव्याकडे धरा आणि तिच्यावर सरळ नजर टाका. कडेवर पांढरी रेघ चमकली तर ती कड सपाट आहे, म्हणजे बोथट. धारदार कडेवर प्रकाश थांबायला जागाच नसते.

दाते हवेत की साधी धार, हे तुमच्याकडे कुठला केक येतो त्यावर ठरतं. स्पंज केक म्हणजे हवेच्या बुडबुड्यांचा सांगाडा. सरळ दाबलेली सुरी हे बुडबुडे आधी चेपते आणि मग कापते. दात्यांच्या टोकांवर तेवढाच दाब फार थोड्या जागेत येतो, कवच आधी तुटतं, आणि करवतीसारखं पुढेमागे केलं की आतला भाग न दबता सुटतो. घरोघरी चालणारा फ्रेश क्रीमचा केक, अंड्याचा असो वा बिनअंड्याचा, दात्यांच्या सुरीनं उत्तम कापला जातो. दाते मात्र बारीक आणि उथळ हवेत. पावाच्या सुरीचे मोठे दाते क्रीम ओढून आणतात. लग्नाचा केक बहुधा वेगळा असतो. वर साखरेच्या फाँडंटचा जाड थर आणि आत सुकामेवा घातलेला दाट प्लम केक. इथे दाते फाँडंटचा चुरा करतात, म्हणून साधी, पातळ, चांगली धार हवी. गोव्याच्या बेबिंकाला तर साधीच सुरी. अंड्याचा बलक, नारळाचं दूध आणि तुपाचे ते थर दात्यांनी कापले तर एकमेकांत मिसळतात आणि त्याचा सगळा देखणेपणा जातो. एकच सुरी घ्यायची असेल तर मी साधी धार घ्यायला सांगेन. स्पंजही तिनं कापला जातो, फक्त धार खरी हवी आणि हात दाबणारा नको, ओढणारा हवा.

लांबीत लोक कंजूषपणा करतात. एक किलोचा गोल केक साधारण ८ इंच व्यासाचा असतो. सुरीचं पातं निदान तेवढं असलं तर एका ओढीत आरपार काप जातो. पातं आखूड असलं की मध्ये थांबून पुन्हा शिरावं लागतं आणि तिथेच थर तुटतो. लग्नात नवरा-नवरी दोघं मिळून मूठ धरतात, म्हणून मूठही लांब हवी. रेशमी फीत बांधायची असेल तर ती मुठीच्या मागच्या टोकाला बांधा, पात्याजवळ बांधली की क्रीममध्ये बुडते. लष्करी समारंभात तलवारीनं केक कापतात. ती पहिल्या कापाची शोभा झाली, पुढची वाटणी तिथेही सुरीच करते.

उलथण्यात सर्वांत महत्त्वाचा असतो कडकपणा. तुकडा उचलल्यावर टोक खाली वाकलं तर तुकडा घसरतो. पत्रा वाकायला किती विरोध करतो हे त्याच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतं. १ मिलिमीटरऐवजी १.५ मिलिमीटर पत्रा घेतला तर कडकपणा दीडपट नाही, साधारण ३.४ पट वाढतो. पण सगळं पातं जाड केलं तर ते केकच्या बुडाखाली शिरत नाही. म्हणून चांगल्या उलथण्याच्या मधोमध एक उथळ पन्हाळ दाबलेली असते, कडा मात्र पातळ असतात. प्रेस शॉपमध्ये मोठ्या पातळ पत्र्याला कडक करायला अशाच रेघा दाबतात. दुकानात पात्याचं टोक काउंटरवर टेकवून मूठ हलकी दाबून बघा, वाक मुठीच्या सांध्याशी येतो का तेही बघा. मूठ पात्यापेक्षा एक पायरी वर असावी, म्हणजे बोटांची पेरं क्रीमला लागत नाहीत.

कंपनीच्या कार्यक्रमाला लोगो छापलेला चौकोनी केक येतो, त्याला त्रिकोणी उलथणं सोयीचं नसतं. शंभर जणांत वाटायचा केक आधी सरळ पट्ट्यांत आणि मग आडवा कापतात, तुकडे साधारण १ इंच रुंद आणि २ इंच लांब. त्रिकोणी पातं एका तुकड्याखाली घालायला गेलं की शेजारचे दोन हलतात. सरळ टोकाचं, अरुंद पात्याचं उलथणं कँटीनमध्ये जास्त उपयोगी.

सोनेरी जोड्यांची सध्या फार आवड आहे. त्यात दोन जाती असतात. एकीत वर नुसतं सोनेरी पॉलिश किंवा पातळ मुलामा असतो, तो घासणीनं जातो. दुसरीत निर्वात भांड्यात टायटॅनियमची वाफ नायट्रोजनशी मिळवून पात्यावर बसवलेली असते. अंबडच्या मशीन शॉपमध्ये जे सोनेरी ड्रिल वापरतात त्यांच्यावर हेच टायटॅनियम नायट्राइडचं कोटिंग असतं, काही मायक्रॉन जाडीचं आणि पोलादापेक्षा कितीतरी कठीण. शोभेच्या वस्तूवर ते आणखी पातळ असतं, पण केकला पुरून उरतं. वाफेनं कोटिंग बसवायच्या या पद्धतीला पीव्हीडी म्हणतात, तेव्हा दुकानदाराला ‘पीव्हीडी आहे का’ एवढंच विचारा. सुरीला धार लावली की धारेवरचा सोनेरी रंग जाणार, हे मनाची तयारी करूनच घ्या.

चांदीचा सेट सराफाकडून करून घेणारी घरं नाशकात आहेत. चांदीवर ९२५ असा शिक्का म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुधा तांबं. चांदी मऊ असते, म्हणून चांदीची मूठ आणि पोलादाचं पातं ही जोडणी सर्वांत शहाणी. अंड्यातल्या गंधकानं चांदी काळवंडते, तेव्हा केक कापून झाला की ती लगेच धुवावी. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये मात्र चांदीचा कणही नसतो, ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण आहे. पितळेची मूठ छान दिसते आणि हाताला वजनदार लागते. पितळेचं पातं मात्र घेऊ नका. आंबट फळांच्या केकला ते चव देतं आणि स्वतः हिरवं पडतं.

भांड्यावर नाव घालून द्यायची आपली रीत या जोडीलाही शोभते. पूर्वी भांडेवाले ठोक्यांनी अक्षरं उमटवत, आता लेझरनं होतं. नाव मुठीवर घाला, पात्यावर नको. लेझरच्या उष्णतेनं पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा बिघडतो. हा पापुद्रा काही नॅनोमीटर जाडीचा असतो आणि पोलादाला गंजापासून वाचवणारा तोच. शिवाय कोरलेल्या अक्षरांत क्रीम बसतं. याच कारणानं पातं आणि मूठ यांच्या सांध्यात फट नसावी. फटीत ओल अडकते, आत हवा पोचत नाही, पापुद्रा पुन्हा तयार होत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो. पोकळ मूठ असली तर ती गरम पाण्यात भिजत ठेवू नका, आतली भर सैल होते.

कापायच्या वेळी शेजारी उंच भांड्यात कढत पाणी आणि एक सुती फडकं ठेवा. पातं बुडवायचं, पुसून कोरडं करायचं, कापायचं, पुन्हा पुसायचं. थंड चॉकलेटचा थर गरम पात्यानं तडकत नाही, वितळून वाट देतो. क्रीमच्या केकला मात्र पातं कोमट पुरे.

काम झालं की साबण, साधं पाणी, आणि लगेच पुसणं. लोखंडी तारेच्या घासणीचे कण पोलादावर राहतात आणि गंजाचे ठिपके पडतात, मग लोक सुरीला दोष देतात. मखमली पेटी ओल धरते, म्हणून जोडी रोजच्या कपाटात कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. खंडेनवमीला मशीन, पाने, विळी यांच्या शेजारी ती पूजेला मांडायची असेल तर आदल्या दिवशी धार बघून घ्या. साध्या धारेच्या सुरीला धारवाल्याकडे देता येतं, दात्यांच्या सुरीचा प्रत्येक दाता वेगळा घासावा लागतो आणि ते फार थोडे जण करतात. चाकावर धार लावताना पात्याची कड निळी पडू लागली तर तिथेच थांबवा आणि पाण्यात बुडवायला सांगा. निळं पडलेल्या जागेचं पाणी उतरलेलं असतं, आणि मग तिथे धार टिकत नाही.