शिकलेलं वर्ष वाया जाऊ नये

"वहिनी, आमच्या लेकीचे कॉलेजचे दोन विषय शाळेतच झाले बरं का!"

न्यू जर्सीहून वन्संचा फोन. मी नेमकी भाकऱ्या थापत होते. फोन कानाशी दाबून धरत विचारलं, "म्हणजे? बारावी व्हायच्या आधीच कॉलेज?"

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. तिकडे हायस्कुलातच 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' नावाचे वरच्या पायरीचे विषय घेता येतात. १९५० नंतरच्या दशकात सुरू झालेली ही पद्धत. मे महिन्यात परीक्षा होते आणि एक ते पाच असे गुण देतात. तीन किंवा त्याहून जास्त मिळाले, तर पुष्कळ कॉलेजं तेवढं क्रेडिट देतात. काही कॉलेजं मात्र चार-पाचावरच अडून बसतात. क्रेडिट मिळालं की कॉलेजात तो विषय पुन्हा घ्यावा लागत नाही, फीही वाचते.

शेजारी कोलीम निवडत बसलेल्या सासूबाईंनी 'क्रेडिट' तेवढं ऐकलं. "म्हणजे उधारीच ना?" म्हणाल्या. मला हसू आलं. वाण्याच्या वहीतली उधारी फेडावी लागते, हे त्याच्या उलट आहे. आपण शिकलो ते आपल्या नावावर जमा! सरकारी मराठीत त्याला 'श्रेयांक' म्हणतात.

फोन ठेवला तोवर तव्यावरची भाकरी करपली होती. मन माझ्या स्वतःच्या एफ.वाय.पाशी जाऊन बसलं होतं.

माहेरी असताना मी बी.ए.चं पहिलं वर्ष पास झाले, लग्न झालं आणि जासईला आले. घर, सासरची माणसं, पाठोपाठ मूल. काही वर्षांनी पुन्हा शिकायचं ठरवलं, तेव्हा जुनी गुणपत्रिका घेऊन एका कार्यालयात गेले. खिडकीमागच्या गृहस्थांनी कागद पाहिला न पाहिला आणि परत सरकवला. "विद्यापीठ वेगळं, अभ्यासक्रम वेगळा. पहिल्यापासून करा." मांडीवर मूल घेऊन मी एफ.वाय. दुसऱ्यांदा केलं. बी.ए. झाले, आज अर्धवेळ शिकवतेही. पण ते एक वर्ष मनात सलतं.

म्हणूनच आपल्याकडे आता काय सोय आहे, ते मी खोदून खोदून विचारलं. मैत्रिणींनो, बरंच काही बदललं आहे. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी श्रेयांकांची बँक सुरू झाली. नोंदणी झालेल्या कॉलेजात मिळवलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात आणि साधारण सात वर्षांपर्यंत वापरता येतात. लग्नामुळे, बाळंतपणामुळे किंवा पैशाअभावी शिक्षण थांबलेल्या मुलीला याचा केवढा आधार! एप्रिल २०२३ मध्ये जो राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला, त्यात तर शाळेचा अभ्यासही धरला आहे. तीस तासांच्या शिक्षणाचा एक श्रेयांक, वर्षाचे बाराशे तास म्हणजे चाळीस. मात्र सगळ्या शाळांतून हे अजून रुजलेलं नाही, तेव्हा "माझ्या मुलाचे श्रेयांक कुठे?" म्हणून उद्याच मुख्याध्यापकांना धारेवर धरू नका!

मग अमेरिकेतल्यासारखं शाळेतच कॉलेज आपल्याकडे आहे का? अगदी तसं नाही, जवळपासचं आहे. मद्रास आय.आय.टी.चा २०२० साली सुरू झालेला डेटा सायन्सचा घरबसल्या करायचा पदवी अभ्यासक्रम घ्या. अकरावीची वार्षिक परीक्षा दिलेली मुलंही त्याच्या पात्रता परीक्षेला बसू शकतात. आधी चार आठवड्यांचा अभ्यास, मग परीक्षा. प्रत्यक्ष प्रवेश मात्र बारावी झाल्यावरच. सरकारच्या 'स्वयम्'वर नववी ते बारावीचे आणि कॉलेजचेही पाठ फुकट पाहता येतात. प्रमाणपत्र हवं तर परीक्षेची फी भरावी लागते.

आणि एक वाट तर आपल्या दाराशी कितीतरी वर्षं आहे. पॉलिटेक्निक! दहावीनंतर तीन वर्षांची पदविका केली, की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. हिशोब मांडा. अकरावी-बारावी आणि मग चार वर्षं, झाली सहा. पदविकेची तीन आणि पुढची तीन, तीही सहाच. वर्ष वाचत नाही हे खरं, पण तीन वर्षांनी हातात नोकरीजोगा कागद येतो. घरची अडचण आली तर मुलगी रिकाम्या हातानं परतत नाही.

आय.टी.आय.वाल्यांनाही असंच आहे. दहावीनंतरचा दोन वर्षांचा आय.टी.आय. झाला, की पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. आमच्या जाऊबाईंच्या मुलीला हे कोणी सांगितलंच नाही. आय.टी.आय. करून ती पदविकेच्या पहिल्या वर्षाला बसली. चार वर्षांत व्हायचं ते पाच वर्षांत झालं. घरात स्थळं येऊ लागलेली असताना एक वर्ष म्हणजे काय, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको. कशीबशी पदविका पदरात पडली, एवढंच समाधान.

तेव्हा मुलं नववी-दहावीत असतानाच एवढं करा:

● आधार, शाळेचा दाखला, गुणपत्रिका या सगळ्यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते पाहा. श्रेयांकाचं खातं याच नावावर चालतं. लग्नानंतर नाव बदलणाऱ्या मुलींनी तर विशेष जपावं.

● शाळेत 'अपार' या बारा अंकी क्रमांकासाठी पालकांची संमती मागतात. फॉर्म वाचूनच सही करा. संमती द्यायची की नाही, हे आपल्यावर आहे.

● प्रवेश घेताना "आधी शिकलेलं यात धरणार का?" हे तोंडी नको, लेखी विचारा. शेवटचा निर्णय त्या त्या संस्थेचा असतो.

● फीला घाबरून मुलीचं नाव मागे घेऊ नका. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आरक्षणातल्या आणि इतर मागासवर्गीय घरांतल्या मुलींना, शासनाच्या प्रवेशफेरीतून व्यावसायिक पदवीला प्रवेश मिळाला, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

● गुणपत्रिका, अगदी अर्धवट राहिलेल्या शिक्षणाच्याही, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दागिन्यांसारख्या जपा.

आमच्या जासईला मोबदल्याचा अर्थ शिकवावा लागत नाही. जानेवारी १९८४ च्या शेतकरी आंदोलनात इथं आणि आसपास पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंडांची वाट मोकळी झाली. आज गावाजवळून अटल सेतूची गाड्यांची रांग धावते, उरणची लोकल जाते. शेतं गेली, आता मुलांचं शिक्षण हीच आमची शेती. त्यातलं एक वर्षही फुकट जाऊ द्यायचं नाही.

जाऊबाईंची धाकटी यंदा आय.टी.आय.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवाच मी तिला घेऊन चौकशीला गेले होते. खिडकीमागून उत्तर आलं, "पहिल्या वर्षाचा फॉर्म भरा." या वेळी मी तिथून हलले नाही. "थेट दुसऱ्या वर्षाचा कधी निघतो, तेवढं सांगा," म्हटलं.

त्यांनी तारखांचा कागद शोधून काढला.