ध्वनिमुद्रणापूर्वी : संगणक मायक्रोफोन ओळखत नाही तेव्हा

बोलीविषयक प्रकल्पासाठी आपणांस नागपूर परिसरातील वृद्ध भाषकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावयाचे आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडी व नागपुरी बोलींचे नमुने छापलेले आहेत. परंतु ‘डोळा’चा ‘डोया’ होताना तो ‘य’ नेमका कसा ऐकू येतो, हे छापील अक्षर सांगत नाही. त्यासाठी आवाजच हवा. म्हणून यूएसबी मायक्रोफोन जोडल्यावर तो संगणकाने ओळखला आहे की नाही, याची खात्री घरीच करून घ्यावी.

‘ओळखत नाही’ या शब्दांत दोन निरनिराळे दोष दडलेले असतात. पहिला दोष उघड असतो : यादीत मायक्रोफोनचे नावच येत नाही. अशा वेळी प्रथम वायरवर संशय घ्यावा. मोबाइलच्या चार्जरसोबत मिळणाऱ्या काही वायरींतून केवळ वीज जाते, माहिती जात नाही. मायक्रोफोनवरचा दिवा लागतो आणि आपण फसतो. मध्ये हब असल्यास तो काढून मायक्रोफोन थेट संगणकाला जोडावा. यूएसबी २.० जोडणीतून ५०० मिलिअँपिअर इतकाच प्रवाह अपेक्षित असतो, आणि स्वतंत्र वीजपुरवठा नसलेला हब तोच प्रवाह वाटून देतो. तरीही नाव न आल्यास विंडोजच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये पिवळे चिन्ह आहे का, ते पाहावे. असल्यास ती नोंद काढून टाकावी, मायक्रोफोन सोडवून संगणक पुन्हा सुरू करावा व मग जोडावा. बहुतेक यूएसबी मायक्रोफोनांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. त्यामुळे तो शोधत बसण्याची घाई करू नये.

दुसरा दोष अधिक घातक, कारण तो दिसत नाही. नाव यादीत असते, पट्टीही हलते, पण मुद्रण होते ते लॅपटॉपच्या अंगच्या मायक्रोफोनमधून. तासाभराची मुलाखत घरी ऐकावी, तर आजींच्या आवाजापेक्षा पंख्याची घरघर मोठी! यावर साधी परीक्षा आहे. मुद्रण सुरू करून मायक्रोफोनच्या जाळीवर नख हळूच घासावे, मग कळफलकाजवळ तेच करावे. दुसरा आवाज मोठा आला, तर ‘साउंड’च्या ‘इनपुट’ विभागात व मुद्रणाच्या प्रोग्राममध्ये, अशा दोन्ही ठिकाणी यूएसबी मायक्रोफोन निवडावा. ऑडॅसिटी आधीच उघडलेले असेल, तर त्याला नंतर जोडलेला मायक्रोफोन दिसत नाही. उपकरणांची यादी पुन्हा तपासावयास सांगावे लागते. पट्टी मुळीच हलत नसेल, तर ‘प्रायव्हसी’ विभागात मायक्रोफोनची परवानगी बंद आहे का, हेही पाहावे.

नमुनादर ४४,१०० किंवा ४८,००० ठेवावा. दर ८,००० असल्यास ४,००० हर्ट्‌झच्या वरचा ध्वनी उरत नाही, आणि ‘चमचा’तील दंततालव्य ‘च’ व ‘चहा’तील तालव्य ‘च’ यांचा भेद ज्या घर्षणात असतो, त्याचा मोठा भाग याच वरच्या पट्ट्यात येतो. म्हणजे बोलीचा नेमका पुरावाच गळून पडतो.

मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करा, असे ऐंशीच्या आजोबांना सांगणे बरे नव्हे. पहाटे जावे. आरंभी अर्धा मिनिट तारीख, गाव व बोलीचे नाव मुद्रित करून ते इअरफोनने ऐकावे, आणि मगच पहिला प्रश्न विचारावा.